पोचपावती

"मराठीत अर्ज? चालत नाही," म्हणाला कारकून.
मग इराव्वानं कानडीत लिहून दिला.
खाली सही माझी, शिवणीतल्या टाक्यासारखी वाकडी.

पोचपावती मिळाली.
कचरा होता तिथंच, कोपऱ्यावरच्या विहिरीला टेकून:
शहाळी, डुकरं, कुणाच्या तरी बारशाच्या पत्रावळ्या.

चौथ्या सोमवारी आम्ही अकराजणी
खुर्च्या टाकून उकिरड्यापाशीच बसलो की,
ओला हरभरा सोलत.
पिशवी घेऊन आलेल्याला
पिशवीसकट माघारी लावत.
पहिला परत गेला तो माझाच जावई.

नवव्या दिवशी ट्रॅक्टर आला.
साहेब म्हणाले, फोटो काढूया.
"काढा की. पण ट्रॅक्टर परत कधी?"
इराव्वानं तेच कानडीत विचारलं.

साहेब दोन्ही भाषांत गप्प.

खुर्च्या अजून
शहापुरात, गल्लीच्या तोंडालाच आहेत.
रात्री दव पडतं, सकाळी पुसून घेतो.