किती पाउंड

मे महिन्यातली दुपार. गोळीबार चौकामागच्या गल्लीत
शालिकराम हेडाऊंचा कूलर पाणी संपल्यासारखा घरघरतो.
मी रॅकेट टेबलावर ठेवते, म्हणते, अठ्ठावीस.

"काहून?"

काहून म्हणजे काय. हॉलमधली सगळी पोरं अठ्ठावीसवर खेळतात.
त्यांचा स्मॅश लवंगी फटाका,
माझा, कुणी गच्चीवर ओला टॉवेल झटकावा तसा.
शिवाय किंखेडे बाई. पासष्ट वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा,
जागच्या न हलता मला आठ वर्षं हरवतायत.
हे काही सांगत नाही.
म्हणते, कंट्रोल येतो म्हणे.

"येते. ज्याच्या मनगटात हाय त्याले येते.
हात द्या इकडं."
आणि कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी अंगठा रोवतात,
दोडका कोवळा आहे का बघावा तसा.
मी ओरडते.
"हे पाहा. इथंच अठ्ठावीस हाय तुमचं."

भिंतीवर त्यांच्या बापाच्या मागाची फणी,
दोन दात पडलेली, धुळीनं राखाडी.
तिच्याकडं न बघताच बोलतात:
"ताणा लय आवळला का सूत तुटते.
ढिला सोडला का लुगड्याले पोट येते.
बुढा आकडा नाही पाहे. बोटानं वाजवे."

मग मशीन स्वतःकडं फिरवून घेतात, डायल मला दिसू नये असं.
बावीस उभ्या. आडव्या एक वर, एक खाली,
तार भोकांतून जाताना चुर्रर्र आवाज.
मध्येच थांबून टिचकी मारतात, कान लावतात,
अर्धा गुंडाळा सोडून परत ओढतात.
"स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. या उन्हात तार रडते."

किती ठेवलं?

"नाही सांगत. आठ दिवस खेळा, मंग या."

पहिल्या दिवशी तीन शटल मागच्या भिंतीला.
दुसऱ्या दिवशी पाच.
पोरं हसली, मी हेडाऊंना मनात शिव्या घातल्या.
चौथ्या की पाचव्या दिवशी नुसतं मनगट वळवलं
आणि शटल किंखेडे बाईंच्या डोक्यावरून
मागच्या कोपऱ्यात, लाइनीवर, आळसावल्यासारखं उतरलं.
त्या वळल्याच नाहीत. म्हणाल्या, "हं."
रात्री पोळ्या लाटताना लक्षात आलं,
कोपर गप्प आहे.

आठव्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं.
टेबलावर वही उघडी, वर पेन्सिल.
किंखेडे, सुलोचना: साडेएकोणीस.
त्याखाली टेंभुर्णे, वैजयंती,
आणि आकड्याच्या जागी
वरच्यासारखंच म्हणून दोन बारीक रेघा.

हेडाऊ जेवून दात कोरत आले.
"सांगू का आता आकडा?"

नको, म्हटलं.
ग्रिप तेवढी बदलून द्या.