पहिले दोनशे किलोमीटर

मुबीन फकी म्हणतो, बसवू या.
तुर्भ्याच्या गाळ्यात, ट्यूबलाइटखाली, बॉनेट वर करून
तो आत बघतो, वैद्याने जीभ बघावी तसा.
टर्बो, इंटरकूलर, नवा क्लच,
मॅपिंगला पुण्याहून एक पोरगा येतो,
सगळं मिळून साडेसहा लाख.
"आणि आरटीओ?"
मुबीन पान्याच्या टोकाने कान खाजवतो.

माझ्याकडे एकवीस वर्षं, त्याआधी एका पायलटची.
दोन दारं. मागची सीट नावाला,
तिथे मेथीची जुडी बसते, माणूस नाही.
दर पाच वर्षांनी तिला पासिंगला नेते,
हिरवा कर भरते,
खिडकीतला क्लार्क विचारतो, मॅडम, अजून चालते?
नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं,
मेहंदी काढणारीचा हात दुखायला लागल्यावर थरथरावा तसं.

भाचा जयेश म्हणतो, मावशी, विकून टाक, नवं मॉडेल घे.
त्याने तक्ता करून पाठवलाय:
एका रकान्यात ती, एका रकान्यात ही,
हिच्या रकान्यात बरंच लाल.

म्हणून गेले वाशीच्या शोरूममध्ये.
पाम बीचवरून बेलापूरपर्यंत आणि परत.
खोटं कशाला बोलू, गाडी सुरेख आहे.
वळण माझ्याआधी तिला कळतं.
करावे गावच्या सिग्नलला ब्रेक दाबला
तर पर्समधली नाणीसुद्धा जागची हलली नाहीत.
इंजिन गुरगुरत होतं, खर्जात, छान.
मी विचारलं, आवाज कुठून येतो हा?
शेजारची मुलगी म्हणाली, स्पीकरमधून, मॅडम.
नको असेल तर बंदही होतो.

साडेबारा टक्क्यांचा आमचा भूखंड याच रस्त्याच्या आत होता.
तीन भाऊ, दोघी बहिणी, एक हक्कसोडपत्र.
सही कर, म्हणाले. बहिणी करतातच.
ताईने केली. पेन माझ्या हातात दिलं.
मी त्याला टोपण लावलं.
पुढची सहा वर्षं वकिलाची पायरी,
भाऊबीजेला दार बंद.
वाटा आला तो या गाडीएवढाच निघाला, वर थोडी चिल्लर.
गावात म्हणाले, पैशाला चाकं फुटली, तीही बाईच्या.
थोरला तेवढंच बोलला, "कनाला गो? सोनं घ्यायचं होतंस."
जयेश ताईचाच मुलगा.
त्याच्या तक्त्यात हा रकाना नाही,
आणि मीही तो कधी भरून दिलेला नाही.

मुबीनला म्हटलं, खरं सांग.
तो हात पुसत राहिला बराच वेळ.
"बसेल. पळेलही.
पण आतले रॉड मूळचे आहेत, ताई. कधीतरी वाकतील.
आणि हे ब्रेक आत्ताच्या वेगालाही पुरत नाहीत."
साडेसहा लाख मघाशी कोण म्हणालं होतं,
हे मी विचारलं नाही.

शेवटी ब्रेक घातले. डिस्क, पॅड, तेलाच्या नळ्या,
खालची सगळी रबरं, चार टायर.
एक लाख अठरा हजार, घासाघीस करून.
जयेश म्हणाला, एवढे घातलेस आणि वेग तोच?
तोच.
टर्बोचं कोटेशन मात्र फाडलेलं नाही.
ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, पीयूसीच्या खाली.

मुबीनने बजावलंय,
पहिले दोनशे किलोमीटर जोरात दाबायचं नाही,
पॅड डिस्कवर बसू द्यायचे.
म्हणून आज पाम बीचवर चाळीसने चालले आहे,
डाव्या बाजूने, बिस्किटांच्या टेम्पोमागे.
खाडीवरून चिखलाचा वास येतो, एसी बंद आहे.
स्कूटरवाले वळून बघतात,
लाल गाडी आणि असली चाल.

सानपाड्याजवळ जयेश मागून आला, नव्या मॉडेलमध्ये.
कुणा मित्राची असावी, किंवा टेस्ट ड्राइव्ह.
माझ्या शेजारी हळू झाला,
काच खाली करून काहीतरी म्हणाला.
माझ्या इंजिनापुढे ऐकू आलं नाही.
मी मान हलवली.
हो की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.