बिलबुकाची मागची बाजू

शुक्रवारी साडेसातला मी शटर अर्धं ओढते.
गिऱ्हाइकाला वाटावं बंद,
आणि या तिघांना कळावं, उघडं आहे.
द्वारकेच्या सर्कलवरचे हॉर्न खालून वाकून आत येतात,
तसेच निरगुडे सर, गुडघा धरून.

हुसेनभाई कोकणी हात पुसत येतात,
पुसून झाले तरी पुसत राहतात.
पगारबाई नोटप्रेसमधून निवृत्त;
जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले,
म्हणून गुण मोजायचं काम त्यांना नको.
ते माझ्याकडे,
बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

सर राजवाडे विचारतात, हुसेनभाई मोटारी.
जो हरेल त्याची रविवारची मिसळ, पाव जास्तीचे धरून.

"म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा
कोणत्या प्रसंगी जळाला?"
"लग्नात," हुसेनभाई म्हणाले,
"मांडव म्हटला की वायरिंग आलंच."
"अठराशे सत्त्याण्णव साली कसलं वायरिंग?"
पण उत्तर बरोबर होतं. एक गुण.

"बकिंगहॅम पॅलेसमध्ये खोल्या किती?"
"सातशे पंचाहत्तर," पगारबाई. मग स्वतःशीच,
"आणि केर कोण काढतं?"
सरांच्या वहीत याचं उत्तर नव्हतं.
मी बाईंना दीड दिला.

आपला सरकारवाडा राजवाड्यात धरायचा का,
यावर चहा निवला.
पेशवा म्हणजे राजा नव्हे, सर म्हणाले.
हुसेनभाई म्हणाले, भाडं कोण घ्यायचं ते सांगा,
राजा कोण ते मी सांगतो.

मग मोटारी.
"वेग जास्त म्हणून पहिला दंड?"
इंग्लंड, अठराशे शहाण्णव.
मर्यादा ताशी दोन मैल, हा गेला आठनं.
पोलिसानं सायकलवरून गाठला, एक शिलिंग घेतला.
"आठ!" सर बाहेर बघत म्हणाले,
"द्वारकेला आठ मिळाले तर मी स्वतः शिलिंग देईन."

"ताशी शंभर किलोमीटर ओलांडणारी पहिली गाडी?"
ही विजेवरची होती, माझ्या धंद्यातली,
म्हणून मी मध्येच बोलले.
नाव फ्रेंच; अर्थ, कधीच समाधानी नसलेली.
"आमच्या घरी आहे एक," हुसेनभाई म्हणाले,
आणि लगेच शटरकडे पाहिलं.

शेवटचा प्रश्न त्या जर्मन बाईचा,
नवऱ्यानं बनवलेली मोटार
नवऱ्याला न सांगता घेऊन निघाली ती.
इंधन कुठं घेतलं?
"औषधाच्या दुकानात," पगारबाई पटकन म्हणाल्या.
मग थांबल्या.
मग म्हणाल्या, "मीही नेली होती."

अठ्ठ्याहत्तर साल. दिरांची फियाट.
घर निजलेलं. नाशिकरोडहून सिन्नर,
एस्टी स्टँडला वळसा, आणि परत.
किल्ली खिळ्याला होती तशी लावली.
सकाळी दीर म्हणाले,
आज गाडी एका सेल्फला सुरू झाली, थंडी असून.

"वेळ किती लागला?" हुसेनभाईंनी विचारलं.
"मोजला नाही."
"मग रेकॉर्ड कसा धरायचा?"
सर म्हणाले, "नोंद करा."
मी लिहिलं: पगारबाई, सिन्नर, १९७८.
पुढे गुणांचा रकाना. तिथं पेन नुसतंच टेकवून ठेवलं.

इतक्यात शटरखालून एक डोकं आलं.
ओझरचा माणूस, ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली,
नवी हवी, आत्ता हवी, पक्कं बिल हवं.
बिल लिहिलं, शिक्का मारला, फाडून दिलं.

तो गेल्यावर सरांनी विचारलं, "कोण जिंकलं?"
मी बिलबुक उलटलं. खाली कार्बन. कोरं पान.

"मिसळ मी देतो," हुसेनभाई म्हणाले.
"तुम्ही का म्हणून? मी हरलेलो असलो तर?"
"तुम्ही? आजपर्यंत कबूल केलंय कधी?"
ते दोघं अजून तिथंच अडकलेत.

पगारबाई मात्र चपला घालताना हसत होत्या.
बॅटरीची गॅरंटी दोन वर्षांची आहे.
तोवर कधीतरी तो ओझरकर
घडी उलगडून कागद उलटा धरेल,
आणि अंगणात उभा राहून विचार करेल,
सिन्नरला काय झालं होतं.