सराव

बुधवारी बीपी-शुगरची रांग ओसरली
की मी टॅबलेट चार्जिंगवरून काढते.
साठच्या पुढचे सगळे, असा वरून आदेश आहे,
एका माणसाला बारा मिनिटं.
आमच्या कोपरखैरण्याच्या दवाखान्यात
एवढा वेळ फक्त सलाइन लावलेल्याला मिळतो.

सर्जेराव निकम, वय एकाहत्तर,
वाशीच्या मार्केटात कांद्याचे तोलणार, आता घरी.
तक्रार त्यांनी स्वतःच सांगितली :
"किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाय. गॅस चालू राहतो.
परवा जावयाचं नाव विसरलं."
मागे हौसाबाई उभ्या,
हातात त्यांची फाइल, त्यांच्या गोळ्या,
आणि फेब्रुवारीत छत्री.

टॅबलेट बाईच्या आवाजात बोलतो,
प्रत्येक शब्द इस्त्री केलेला.
"मी पाच शब्द सांगणार आहे. ते लक्षात ठेवा."
विहीर. चष्मा. कोथिंबीर. पूल. मंगळवार.
मग पडद्यावर विखुरलेले आकडे, क्रमाने दाबायचे.
चाळीस वर्षं पोती धरून काकांची बोटं गुळगुळीत,
काच त्यांना ओळखेना.
त्यांनी बोट जिभेला लावलं, नोटा मोजताना लावतात तसं,
आणि पुन्हा दाबलं.
तो सगळा वेळ यंत्राने विसरण्यात धरला.
कोरड्या बोटांसाठी रकाना नाही. मी शोधला.

तरी हिरवा आला.
काठावरचा नाही, चांगला ठसठशीत हिरवा.
काकांना आनंद झालेला दिसला नाही.
"आता आलोच हाय तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले,
"हिला पण बसवा. सहज."

तेव्हा मला गॅस आठवला.
त्या घरात गॅस कोण पेटवत असेल,
हे मी विचारलंच नव्हतं.

शिक्षण : शाळेत गेलेल्या नाहीत.
यंत्राने त्याचा एक गुण वाढवून दिला.
घड्याळ काढा, पावणेचार वाजलेत.
हौसाबाईंनी एका दमात गोल काढला,
माझ्याच्याने असा निघत नाही,
आणि मधोमध बोट टेकवून बसून राहिल्या,
भाकरी फुगायची वाट बघावी तशा.
"ते पाच शब्द कोणते होते?"
"विहीर," त्या म्हणाल्या.
मग हसल्या. पाहुण्यांपुढे साखर संपल्यावर हसतात तसं.
"बाकीचं यांना विचारा."

केशरी.
पुढील तपासणीसाठी पाठवा.
वाशीच्या मोठ्या दवाखान्यातली तारीख सात आठवड्यांनंतरची.
प्रशिक्षणात पढवलेलं वाक्य मी म्हटलं :
हे निदान नाही, काका. ही नुसती चाळणी आहे.
"चाळणीचं मला नका सांगू," ते म्हणाले.
"वर राहतो तो माल, खाली पडते ती गोल्टी.
आणि गोल्टी काय फेकून देत नाय कोण.
ती पण तोलावीच लागते."

काकूंनी छत्री उघडून बघितली, मिटली.

केसपेपर उलटा करून त्यांनी माझं पेन मागितलं.
तोलणाऱ्याचं अक्षर, एकाखाली एक, उजवीकडे समास सोडून,
जणू प्रत्येकापुढे वजन लिहायचं आहे :
विहीर, चष्मा, कोथिंबीर, पूल, मंगळवार.
"तिथं पण हेच विचारतील ना?"

सराव करून घेऊ नये,
सरावाने निकाल बिघडतो,
आमच्या पुस्तिकेत या ओळीखाली रेघ आहे.
रेघ मीच मारलेली.
मी म्हटलं, पेन राहू द्या तुमच्याकडे.

खिडकीतून त्यांचे आवाज आले.
"विहीर."
"विहीर."
"चष्मा."
"तो तुमच्या नाकावर हाय की."
काका थांबले असावेत.
मग हळूच, कान्यामात्र्यांसकट : "को-थिं-बीर."
रिक्षा सुरू झाली.
पुढचं मला ऐकू आलं नाही.