काचेचीच कुपी

प्लास्टिकला चिकटतं ते,
म्हणून काचेचीच कुपी घ्यायची, हे मला
अकरा महिने वाया गेल्यावर कळलं.
तोवर वेइक्को पेशींना दोष देत होता,
पेशी मला,
आणि मी तुर्कूच्या नळाच्या पाण्याला.

स्फिंगोसिन-वन-फॉस्फेट.
एवढं लांबलचक नाव, आणि कुपीच्या तळाशी
चिमूटही नाही;
पीठ मळून हात धुतल्यावर
नखात राहतं तेवढंच पांढरं.
कोमट मिथेनॉलात विरघळवायचं,
वरून नायट्रोजनची फुंकर घालायची,
की काचेवर एक पापुद्रा उरतो,
जो आहे असं वहीत लिहून ठेवावं लागतं.
मग अल्ब्युमिनच्या पाठुंगळी बसवून
धाडायचं पेशींकडे.
पाण्यात ते एकट्याने जात नाही.

रक्तात पुष्कळ, ग्रंथीच्या आत जवळजवळ नाही:
या फरकालाच पांढऱ्या पेशी वाट समजतात.
आत दाटीवाटीने बसलेली एखादी
कुणी नाव घेतल्यासारखी उठते,
अंग लांबवते, भिंतीच्या फटीतून
आधी डोकं, मग पोट, मग शेपूट,
आणि निघाली.
मी हे रात्री दोनला पडद्यावर पाहिलंय.
खाली औरा नदी गोठलेली,
हीटरवर माझे मोजे वाळत घातलेले.

रक्तात पोचली की मात्र तीच पेशी बहिरी होते.
हाक चहूकडून, अखंड;
ती आपले कान उतरवते
आणि पोटात ठेवून देते.
पुढच्या ग्रंथीत शिरते, तिथल्या शांततेत
तासन्‌तास रेंगाळते,
तेव्हा कुठे कान पुन्हा वर येऊ लागतात.

वेइक्कोने सभेत हा आलेख दाखवला.
"राउहा, पुढचा नमुना कधी?" त्याने विचारलं,
आणि मला ते ऐकूच आलं नाही.

पेर्नोच्या गोदीत माझे बाबा
जहाजांच्या पोटात शिरून पोलाद घासायचे.
घरी आई ओरडून बोलायची,
ते तिच्या ओठांकडे बघत जेवायचे.
जुलैत आम्ही नाउवो बेटावर जायचो.
पहिला आठवडा ते पायरीवर नुसते बसून,
मासे साफ करत, कुणाशी न बोलता.
दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी
कॉफी ओतता ओतता थबकले:
"धक्क्याला दोर घासतोय का गं?"

तो पहिल्या दिवसापासून घासत होता.
आई म्हणाली, "हो,"
एवढ्या हळू, की मीही मान वळवून पाहिलं.
मग पुढचे नऊ दिवस
आमच्यात कुणी ओरडून बोललं नाही.