हात सैल सोडा

विनिपेगमध्ये, पोर्टेज अव्हेन्यूवर,
टायरच्या दुकानाला लागून
आमचं दोन खुर्च्यांचं ऑफिस.
बाहेर उणे एकतीस.
आत हीटर, सॅनिटायझरचा वास,
आणि भिंतीवर सूचना, सात भाषांत, सगळ्यांत थोड्या चुकलेल्या.

इथं राहू इच्छिणाऱ्यांची बोटं मी धरते.
एकेक बोट काचेवर
या नखापासून त्या नखापर्यंत फिरवते
आणि प्रत्येकाला एकच सांगते:
हात सैल सोडा. मदत करू नका.

लेतेब्रहान मदत करायची थांबेना.
मी बोट उचलायच्या आधी तिचं बोट निघालेलं असे,
मालकिणीनं हाक मारायच्या आधी
उठून उभं राहावं तसं.

मशीन म्हणालं, दर्जा अपुरा.
मी काच पुसली. तिचं बोट पुसलं. अपुरा.
पडद्यावर, जिथं शंख नाहीतर चक्र दिसायला हवं,
तिथं नुसता पांढरा डाग,
इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा.

काम काय करता?
हॉटेलच्या लाँड्रीत. नऊ वर्षं.
त्याआधी कसालात दोन घरची भांडी.
त्याआधी...
ती बोटांवर मोजत होती,
त्याच बोटांवर.

शेजारचा ओरेस्त कॉफी प्यायला येतो, तो म्हणतो,
तुझा माझा धंदा एकच, झीज बघायची.
पण त्याच्याकडे नवीन टायर असतात.

नियमावलीत तुटलेल्या बोटाला रकाना आहे,
बँडेजमधल्या बोटाला आहे,
जन्मापासून नसलेल्या बोटालाही.
घासून घासून कोऱ्या झालेल्याला नाही.
ज्यांचं हातावर पोट,
त्यांनी पोट भरावं की हात राखावा,
याबद्दल ओटावाहून काही आलेलं नाही.
आणि आपण काही केलेलं नाही
हे पटवायलासुद्धा बोटांना बोलता यावं लागतं.

मग मला शिकवलंय ते मी तिला सांगितलं:
दोन आठवडे पाण्यात हात घालू नका.
ब्लीच नाही, भांडी नाही, फरशी नाही.
रात्री व्हॅसलीन लावून सुती हातमोजे.
रेषा परत येतात.

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.
म्हणाली, बाई,
दोन मुलांच्या वेळी मिळून
एवढी सुट्टी झाली नव्हती.

सतराव्या दिवशी आली. पगार कापून घेऊन.
बरोबर मोठी मुलगी, सेमहार, तिच्या हाताला साबणाचा वास.
मुलगी म्हणाली, आई खुर्चीत बसून
कढई कशी घासायची ते सांगत होती,
दुसऱ्या दिवशी रडली,
चौथ्या दिवशी दुपारी झोपली.
आम्ही घाबरलो. श्वास चालतोय का बघितलं.

तिनं हात टेबलावर ठेवले,
कुणी सांभाळायला दिलेली वस्तू
परत करताना ठेवतात तसे.
मी म्हटलं, हात सैल सोडा.
आणि तिनं सोडला.

हाताला वजन असतं.
अकरा वर्षं हे काम करतेय,
पण इतका पूर्ण वजनाचा हात
क्वचितच कुणी माझ्या हातात दिलाय.

डावा अंगठा. पडद्यावर हळूहळू उमटलं चक्र,
मध्ये एक बारीक आडवा चर, जुन्या सुरीचा असावा.
ती पुढं वाकून बघत राहिली.
हे माझंच?
तुमचंच.

दहाही बोटं एका दमात झाली. मी पावती दिली.
हातमोजे चढवता चढवता तिनं विचारलं,
या रेषा किती दिवस राहतील?
पोलिसांकडे? कायमच्या, मी म्हटलं.
तिनं एक हातमोजा पुन्हा काढला,
अंगठा उजेडाला धरला.
नाही, म्हणाली,
इथं.
सोमवारी माझी सकाळची पाळी आहे.