वाटी

सातव्यात पुरळ उठलं,
बेंबी तेवढी सोडून सगळीकडे.
कन्नमवार नगरात ऑक्टोबरच्या भिंती
रात्री दोनलाही तापलेल्या,
आणि मी मॅक्सी वर धरून पंख्याखाली उभी.

नखं शनिवारीच कापलीत, पार मुळाशी.
तरी बोटं जातातच.
कंगव्याची पाठ झाली, उशीचा अभ्रा झाला,
काल तर दाराच्या चौकटीला पाठ घासली,
म्हशीसारखी.

कुंदाताई म्हणाल्या, बाळाला जावळ येतंय.
तळहातही खाजतात म्हटलं, तर हसल्या: पैसा येणार गं!
डॉक्टर पारधे हसल्या नाहीत.
रक्त तपासायला पाठवलं.
लिव्हर ठीक निघालं.
पैसा आला नाही, वर साडेआठशे गेले.

आता वासाचा साबण बंद, कढत पाणी बंद,
अंग ओलसर असतानाच त्यांनी दिलेलं मलम.
आणि हे माझं मीच शोधलेलं:
ओल्या रुमालावर
फ्रीजरमधली स्टीलची वाटी, पोटावर पालथी.

श्रीरंग झोपेतच विचारतो, भूक लागली का?

तेवढ्यात आतून एक लाथ.
वाटी कलंडते, खणखणत फरशीवरून
थेट कपाटाखाली.

मला वाकता येत नाही.
हसू मात्र आवरत नाही,
दोन्ही हात पोटावर,
बोटं स्वस्थ.